रिअॅक्टर बंद असताना पाण्याची पातळी मोजणं इतकं अवघड का?

सातपूर_कॅलिब्रेशन

नमस्कार मंडळी. मी सातपूर एमआयडीसीतल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. डीपी ट्रान्समीटर (दोन ठिकाणच्या दाबातला फरक मोजणारं साधन), प्रेशर गेज, डेडवेट टेस्टर हाच रोजचा संसार. सध्या अणुवीज केंद्रांतल्या मोजमापांबद्दल वाचतेय आणि एका ठिकाणी अडले आहे.

प्रेशराइज्ड वॉटर रिअॅक्टरमध्ये इंधन बदलायला बंद घेतात तेव्हा काही काळ पाणी मुख्य पाइपच्या निम्म्यावर उतरवतात. त्याला मिड-लूप म्हणतात, आणि हा काळ सगळ्यात जोखमीच्या काळांपैकी एक धरतात. मला हे पटत नाहीये. कंट्रोल रॉड आत, फिशन (अणू फुटणं) बंद, प्रेशर जवळजवळ शून्य, पाणी कोमट. मग भीती कशाची?

दुसरं म्हणजे, आमच्याकडून ०.१ टक्क्याला बसवलेला ट्रान्समीटर बाहेर पडतो. इतकी अचूक साधनं हाताशी असताना तिथे पातळी बघायला पारदर्शक प्लास्टिकची नळी लावायचे, असं वाचलं. हे खरं आहे का? आणि आपल्या तारापूरला असं होतं का?

इंदिरानगर_नाशिक

तारापूरचं सांगतो, माझे मेव्हणे बोईसरला राहतात, त्यामुळे तिकडे जाणंयेणं असतं. तिथे दोन जातींच्या भट्ट्या आहेत. १ आणि २ नंबर १९६९ च्या, उकळत्या पाण्याच्या. त्यांना इंधन बदलायला बंद करावंच लागतं. ३ आणि ४ नंबर ५४० मेगावॉटच्या, जड पाण्याच्या. त्यांच्यात इंधन चालू भट्टीतच बदलतात, दोन्ही बाजूंनी मशीन लावून. तुम्ही म्हणता त्या जातीची भट्टी आपल्या देशात कुडनकुलमला आहे, तमिळनाडूत.

एकलहरे_निवृत्त_सी_अँड_आय

इंदिरानगरकरांनी बरोबर सांगितलं, फक्त एक भर घालतो. जड पाण्याच्या भट्टीतसुद्धा स्टीम जनरेटरचं, म्हणजे भट्टीच्या गरम पाण्यावर वाफ करणाऱ्या भांड्याचं, काम काढलं की पाणी हेडरच्या, म्हणजे नळ्या एकत्र येतात त्या जाड पाइपच्या, पातळीपर्यंत उतरवावं लागतं. म्हणजे पातळीची काळजी तिथेही सुटत नाही.

ताई, मी एकलहऱ्याच्या थर्मलला होतो, अणुभट्टीवर नाही. पण पातळी मोजण्यातली दुखणी दोन्हीकडे एकाच कुळातली आहेत, आणि या घटनांबद्दल मी निवृत्तीनंतर बरंच वाचलंय.

फिशन थांबतं, उष्णता थांबत नाही. भट्टी बंद केल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते. तासाभराने ती एक-दीड टक्क्यावर येते, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आठवड्याने पाव टक्क्यावर. पाव टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण कुडनकुलमएवढी भट्टी घ्या, औष्णिक ताकद ३००० मेगावॉट. त्याचा पाव टक्का म्हणजे साडेसात मेगावॉट. आता समजा पाणी उतरवल्यावर गाभ्याभोवती ६० टन पाणी उरलंय, ४० अंशाला, आणि ते थंड करणारा पंप बंद पडला. मांडून बघा गणित. अर्ध्या-पाऊण तासात पाणी उकळतं.

मग उतरवतात कशाला? स्टीम जनरेटरच्या नळ्या तपासायला. माणसाला त्याच्या तळाच्या वाडग्यात शिरून पाइपच्या तोंडावर झाकणं बसवायची असतात, आणि पाइप भरलेला असला तर ते जमत नाही. म्हणून पाणी हॉट लेगच्या, म्हणजे भट्टीतून स्टीम जनरेटरकडे जाणाऱ्या मुख्य पाइपच्या, मध्यावर आणायचं. गंमत बघा, उरलेली उष्णता काढणारा पंपही त्याच हॉट लेगमधून पाणी ओढतो! वेस्टिंगहाउसच्या भट्ट्यांत हा पाइप आतून ७४ सेंटीमीटरचा असतो, म्हणजे मध्याखाली सगळे ३७ सेंटीमीटर. पाणी मध्याच्या थोडं खाली गेलं की पंपाच्या तोंडाशी भोवरा होतो आणि पंप हवा ओढायला लागतो. वर गेलं तर काम करणाऱ्या माणसांच्या अंगावर. एवढ्याशा पट्ट्यात पातळी धरून ठेवायची. प्रत्यक्ष इंधन हलवताना उलट भट्टीच्या फ्लँजवर सुमारे ७ मीटर पाणी असतं, तेव्हा वेळ भरपूर मिळतो. अडचण असते ती त्याच्या आधी आणि नंतर.

आता तुमचा ट्रान्समीटर. तो ०.१ टक्क्याला बरोबर असेल, माझा त्यावर विश्वास आहे. पण तो पातळी मोजत नाही, दोन टोकांच्या दाबातला फरक मोजतो. खालचं टोक पाण्यात. वरचं टोक कुठे उघडतं, हा खरा प्रश्न. पाणी उतरवताना वरच्या जागेत नायट्रोजन भरला आणि त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा २ किलोपास्कल जास्त राहिला, आणि तुमचं वरचं टोक मात्र बाहेरच्या हवेत उघडं आहे. २ किलोपास्कल म्हणजे २० सेंटीमीटर पाणी. आकडा सांगेल मध्यावर आहे, पाणी असेल २० सेंटीमीटर खाली. ट्रान्समीटर लॅबमध्ये आणून तपासा, अगदी चोख निघेल.

प्लास्टिकच्या नळीची कथा तीच. खरं आहे, लावायचे, आणि वस्तू मुळात चांगली आहे. गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवायला पाणी भरलेली पारदर्शक नळी धरतो ना, तीच ही. फक्त ती तीन-चार मजले वळसे घेत जाते. रेलिंगला तारेने बांधलेली, कुठे झोळ पडलेला, कुठे कोपऱ्यावर चिमटलेली. उभ्या भागात बुडबुडे अडकले की आतला पाण्याचा स्तंभ हलका होतो आणि नळी पातळी जास्त दाखवते. बोटाने टिचकी मारली की बुडबुडे सुटून वर येतात आणि पाण्याची रेघ डोळ्यांदेखत खाली सरकते. ती रेघ सरकताना ज्याने पाहिली आहे तो नळीवरचा आकडा परत डोळे मिटून लिहीत नाही.

एकलहऱ्याला २१० मेगावॉटच्या बॉयलरचा ड्रम होता, पाणी आणि वाफ वेगळी होतात ती वरची टाकी. डीपीचं कॅलिब्रेशन गरम अवस्थेसाठी केलेलं. थंड बॉयलर पेटवताना पाणी जड असतं, म्हणून भरपाई न केलेला इंडिकेटर कंट्रोल रूममध्ये पातळी जास्त दाखवायचा आणि वर गेज ग्लासमध्ये ती कमी असायची. म्हणून लाइट-अपला, म्हणजे बॉयलर पेटवताना, ड्रमच्या मजल्यावर माणूस उभा ठेवायचा आणि त्याने फोनवर काचेतली पातळी सांगत राहायची, ही आमची रीत. अणुभट्टीतही गरम अवस्थेसाठी बसवलेली साधनं थंडीत अशीच फसवतात, त्यामुळे बंद काळासाठी वेगळी लावावी लागतात.

हे नुसतं कागदावरचं नाही. १० एप्रिल १९८७, कॅलिफोर्नियातलं डायब्लो कॅन्यन, युनिट २. भट्टी बंद होऊन आठवडा झालेला, पाणी मिड-लूपला. एका गळतीतून पातळी उतरत गेली आणि तात्पुरत्या नळीवरून ते नीट कळलं नाही. एक पंप हवा ओढायला लागला, तो बंद करून दुसरा लावला, त्यानेही हवाच ओढली. जवळपास दीड तास उष्णता काढणं बंद होतं आणि पाणी उकळलं. कंटेनमेंटचं, म्हणजे भट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीचं, मोठं दार तेव्हा उघडं होतं. शेवटी साठवण टाकीतलं पाणी नुसत्या उताराने सोडून पातळी वर आणली. इंधन वाचलं.

सिडको_शटडाउन_फिटर

मी ठेकेदाराकडून शटडाउनची कामं घेतो, रिफायनरी आणि खत कारखाने. काकांनी गळती म्हटलं त्यावर बोलतो. शटडाउनला एकाच लाइनवर तीन टोळ्या असतात. एक टोळी टेस्टिंगसाठी लाइन मोकळी करते, दुसरीला वाटतं व्हॉल्व्ह बंद आहे. व्हॉल्व्ह बंद असतोही, पण सीट घासलेली, पाणी झिरपतच राहतं. हाताने कितीही आवळा, फरक पडत नाही. हे पाणी कुठे जातंय ते कंट्रोल रूमला कळायला पातळीशिवाय दुसरं काही नसतं.

सातपूर_कॅलिब्रेशन

काका, खूप आभार. गणित मांडलं, साधारण ३३ मिनिटं आली. इतका कमी वेळ असेल असं वाटलं नव्हतं. मग उपाय काय, दोन ट्रान्समीटर लावायचे?

एकलहरे_निवृत्त_सी_अँड_आय

दोन लावायचे, पण एकाच टॅपिंगवरून (दाब घ्यायला पाइपला काढलेलं तोंड) दोन काढले तर ते दोन नव्हेत. खालची इम्पल्स लाइन, म्हणजे दाब ट्रान्समीटरपर्यंत आणणारी बारीक नळी, तुंबली की दोन्ही मिळून तीच चूक सांगणार, आणि आकडे जुळतात म्हणून बघणारा निर्धास्त. डायब्लोनंतर १९८८ मध्ये अमेरिकी नियामकांनी सगळ्या केंद्रांना पत्र काढलं, त्यात शब्द होता ‘स्वतंत्र’. पातळीची दोन स्वतंत्र, अखंड चालणारी मोजमापं हवीत. शिवाय भट्टीचं झाकण बसवलेलं असेल तेव्हा गाभ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानाची दोन. तापमान का, तर पातळीने दगा दिला तरी पाणी तापायला लागलेलं लपत नाही.

मला स्वतःला दुसरं साधन वेगळ्या जातीचं असावं असं ठाम वाटतं. हॉट लेगच्या तळाला बाहेरून अल्ट्रासोनिक प्रोब लावतात. लहर पाण्यातून वर जाते, पृष्ठभागावरून परतते, त्या वेळेवरून खोली निघते. ना टॅपिंग, ना वरचं टोक, नायट्रोजनचा दाब कितीही असो. पाइपच्या उंचीपलीकडचं त्याला दिसत नाही, पण मिड-लूपला तेवढंच तर हवं असतं.

तापमानाचं महत्त्व आणखी एका घटनेत दिसतं. २० मार्च १९९०, जॉर्जियातलं व्होगल, युनिट १, तेही मिड-लूपला. स्विचयार्डात एक ट्रक मागे घेताना खांबाला धडकला आणि बाहेरची वीज गेली. एक डिझेल जनरेटर दुरुस्तीला, दुसरा सुरू होऊन बंद पडला. पातळी जागच्या जागी होती, पण पंपाला वीज नाही. ३६ मिनिटांत पाणी ३२ अंशांवरून ५८ वर गेलं. बंद होऊन तीनेक आठवडे उलटून गेले होते, तरीसुद्धा.

सातपूर_कॅलिब्रेशन

शेवटचं विचारते. नळी आणि ट्रान्समीटर जुळत नसतील तर खरं कोणाचं मानायचं?

एकलहरे_निवृत्त_सी_अँड_आय

जे कमी दाखवतंय त्याचं. आणि पाणी उतरवणं तिथल्या तिथे थांबवायचं. मग एक माणूस नळीच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत चालत जाईल, झोळ, चिमटा, बुडबुडे बघत, आणि वरचं तोंड खरंच उघडं आहे का ते हात लावून तपासेल. दुसरा मॅनिफोल्डच्या व्हॉल्व्हवर ट्रान्समीटर इक्वलाइज करून, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब सारखा करून, शून्य बघेल. फरक कशामुळे आला हे सापडेपर्यंत ड्रेन व्हॉल्व्हला कोणी हात लावायचा नाही, वरून शेड्यूलचे कितीही फोन आले तरी.