दोन बाटल्यांचा प्रयोग सगळ्यांसमोर उलटा आला. आता शाळांत काय दाखवू?

तिसरं_वर्ष_भौतिक

नमस्कार. आम्ही नऊ जणांनी कॉलेजात हवामान बदलावर दोन दिवसांचं प्रदर्शन भरवलं. सरांनी सभागृह मिळवून दिलं, बाकी पोस्टर रंगवण्यापासून खुर्च्या लावण्यापर्यंत सगळं आमचंच. माझ्याकडे प्रयोगाचं टेबल होतं.

प्रयोग नेहमीचाच. दोन सारख्या बाटल्या, दोन्हींत थर्मामीटर, एकीत साधी हवा, दुसरीत व्हिनेगर आणि सोड्यापासून काढलेला कार्बन डायऑक्साइड, समोर दिवा. वीस मिनिटांत दुसरी बाटली जास्त तापते आणि आपण म्हणायचं, "पृथ्वीचंही असंच होतंय." आदल्या दिवशीच्या तालमीत दीड अंशाचा फरक आला होता, त्यामुळे मी निर्धास्त होते.

सकाळी सातवी-आठवीची मुलं टेबलाभोवती जमली. एका मुलाला मी आकडे वाचायला सांगितले. बाटलीला जवळजवळ नाक लावून त्याने दोन्ही वाचले, पुन्हा एकदा वाचले आणि म्हणाला, "ताई, साध्या हवेची जास्त आहे." मी दिवा थोडा सरकवला, पाच मिनिटं थांबले, तरी तेच. मी म्हटलं, दिवा वाकडा लागला असेल. त्याने लगेच विचारलं, "मग काल सरळ लागला होता कशावरून?" मला उत्तर देता आलं नाही. मागे उभे असलेले एक काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुमचंही अजून नक्की नाही." त्यांना टोमणा मारायचा नव्हता, त्यांना खरंच तसं वाटलं होतं. मला तेच जास्त लागलं.

पुढच्या महिन्यात तीन शाळांत जायचं आहे. प्रयोग का फसला? त्याऐवजी काय दाखवू? आणि त्या काकांना काय उत्तर द्यायला हवं होतं? वर्गात मला हे सगळं येतं. समोर माणूस उभा राहिला की वाक्य सापडत नाही.

---

प्रयोगवही

बाई, मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा प्रयोग मीही बरीच वर्षं दाखवत होतो. तुमचा प्रयोग फसला नाही. जे सांगायला तुम्ही तो मांडला होता, ते त्यात मुळात नाहीच.

२०१० मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये याच प्रात्यक्षिकावर एक लेख आला होता. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड. त्यामुळे बाटलीतलं अभिसरण, म्हणजे तापलेल्या वायूचं वर-खाली फिरणं, मंदावतं, वरच्या हवेशी मिसळणं कमी होतं आणि तापमान चढतं. हे ओळखायचं कसं? आर्गॉन भरून बघायचं. आर्गॉन अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, शोषत नाही, पण जड आहे, आणि बाटली त्यानेही तशीच तापते. म्हणजे तालमीतला तुमचा दीड अंश बहुतेक वायूच्या जडपणाचा होता. परिणामच इतका लहान की दिवा बोटभर सरकला किंवा थर्मामीटर जरा वर-खाली झाला तरी आकडे उलटतात. त्या मुलाचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागला होता.

खरी गोष्ट उंचीची आहे. पृथ्वीची उष्णता शेवटी अवकाशात जाते ती वातावरणाच्या वरच्या थरांतून. कार्बन डायऑक्साइड वाढला की ती निसटण्याची जागा आणखी वर सरकते. तिथे थंडी जास्त, आणि थंड थर कमी उष्णता बाहेर टाकतो. आत येणारी तेवढीच, बाहेर जाणारी कमी, म्हणून हिशेब पुन्हा जुळेपर्यंत खालचं तापमान चढत राहतं. बाटलीत ही उंचीच नसते.

मेणबत्तीसमोर नळी धरून, तीत कार्बन डायऑक्साइड सोडून, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ज्योत दिसेनाशी होताना दाखवतात, ते मात्र अस्सल आहे. फक्त कॅमेरा ४.३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास बघणारा लागतो. नेहमीचे थर्मल कॅमेरे ८ ते १४ मायक्रोमीटरमध्ये बघतात, त्यांना ते दिसत नाही. घाईने मागवू नका.

शाळेत बर्फ न्या. दोन पेल्यांत पाणी. एकात बर्फ तरंगत ठेवा, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दगडावर. पातळीला दोरा बांधा. वितळेपर्यंत मुलांना तिथेच बसू द्या आणि काय होईल ते आधी कागदावर लिहून घ्या. पहिल्यात दोरा जागेवर राहतो, दुसऱ्यात पाणी त्याच्या वर जातं. मग ग्रीनलंड काढा: तिथला बर्फ जमिनीवर आहे आणि सगळा वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. हा प्रयोग उलटा येत नाही.

बाटल्या टाकून मात्र देऊ नका. अमेरिकन संशोधक युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या दोन नळकांड्यांत थर्मामीटर घालून ती उन्हात ठेवली होती. कार्बन डायऑक्साइडची जास्त तापली आणि निवायलाही जास्त वेळ लागला. अशा वायूने भरलेल्या वातावरणात पृथ्वी अधिक उष्ण असेल, असं त्यांनी तेव्हाच लिहिलं. पण अवरक्त किरणांचं शोषण वेगळं काढून त्यांना मोजता आलं नव्हतं, ते १८५९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी केलं. एका प्रयोगाला काय दिसलं आणि काय दिसू शकलं नाही, हे मुलांना जरूर सांगा.

---

निळी_लाल_पट्टी

काकांच्या प्रश्नाबद्दल लिहिते. कॉलेजात असताना मी असे सात-आठ कार्यक्रम केले आणि माझी गाडी दर वेळी शब्दांपाशीच अडायची.

आपल्याकडे आज पाऊस पडेल का तेही 'हवामान' आणि तीस वर्षांची सरासरीही 'हवामान'. समोरच्याला वाटतं, उद्याचं चुकतं तर शंभर वर्षांचं काय सांगणार! म्हणून मी आधीच फोड करते: आजची हवा आणि वर्षानुवर्षांचं हवामान. दुसरा शब्द 'हरितगृह वायू'. एका आजींनी मला विचारलं होतं, "हरित आहे तर चांगलाच असेल ना?" त्या दिवसापासून मी 'उष्णता अडवणारे वायू' म्हणते. आणि 'अनिश्चितता'! आपल्याला म्हणायचं असतं 'या दोन आकड्यांच्या मधे', ऐकणाऱ्याला ऐकू येतं 'माहीत नाही'.

मी असं सांगते: कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी शेवटी किती तापेल? आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीचा, २०२१ चा अहवाल म्हणतो, बहुधा अडीच ते चार अंश, सर्वोत्तम अंदाज तीन. मग बोटांनी अंतर दाखवते. वरची कड इथे, खालची कड इथे, आणि खालची कडही शून्यापासून लांब आहे. माणसं तिथे मान हलवतात. तापमानवाढ माणसामुळे आहे यावर तोच अहवाल 'निःसंशय' म्हणतो, तेही त्याच दमात सांगावं. नक्की काय आणि अंदाज कशाचा, हे वेगळं केलं की "नक्की नाही" म्हणणाऱ्याशी भांडावं लागत नाही.

आणि हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांच्या २०१८ च्या रंगपट्ट्या जमिनीवर अंथरा. दर वर्षाला एक पट्टी, थंड निळी, उष्ण लाल, आकडा एकही नाही. प्रत्येकाला आपापल्या जन्मवर्षावर उभं करा. मुलं गडद लालात जाऊन उभी राहतात आणि शिक्षक कुठे आहेत ते वळून बघतात. तेव्हा मी काहीच बोलत नाही.

---

बाकावरचा

एक शंका. शाळेत पेले ठेवून काय बदलतं? ऐकणारे तेच, पटलेलेही तेच.

---

निळी_लाल_पट्टी

२०१९ मध्ये पॅसिफिक बेटांवरच्या २७ विद्यार्थ्यांनी कायद्याच्या वर्गात असाच एक विषय हाती घेतला. हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. व्हानुआतू या तिथल्याच बेटदेशाने ते उचललं, २०२३ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव झाला आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने आपलं मत दिलं. त्या मुलांना सरकारं पटवावी लागली, ती समजेल असं बोलूनच.

---

तिसरं_वर्ष_भौतिक

सर, ताई, मनापासून आभार. आमच्या प्रयोगशाळेत आर्गॉनचं सिलिंडर होतं. परवा परवानगी काढून तिसरी बाटली भरली आणि या वेळी दिव्याचं अंतर पट्टीने मोजून ठेवलं. आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही साध्या हवेच्या वर गेले आणि एकमेकांच्या अगदी जवळ राहिले. मी दर दोन मिनिटांनी आकडे लिहून तक्ता केला आहे.

बर्फाचा प्रयोग दोनदा करून पाहिला. खोलीत वितळायला तासाच्या वर लागतो, त्यामुळे तो सुरुवातीलाच मांडणार आणि मधल्या वेळात पट्ट्या अंथरणार. 'हरितगृह' तिन्ही पोस्टरवरून काढलं.

पहिली शाळा त्या मुलाचीच आहे. तिन्ही बाटल्या आणि तक्ता घेऊन जाते आहे. आकडे त्यालाच वाचायला देईन.