आईची पाठ हळू चोळली की तिला झोप लागते, नेमकं कशामुळे?

तापीकाठ, भुसावळ
वडील गेल्यापासून आईला झोपच नाही, रात्री छातीत धडधड होते, ईसीजी नॉर्मल आला. परवा तिळाचं तेल जरा गरम करून तळपायाला लावलं, मग पाठ हळूहळू चोळली तर दहा मिनिटांत जांभया, पोटात गुडगुड आणि बोलता बोलता डोळाच लागला तिचा. भाऊ म्हणतो मनाचे खेळ आहेत. खरंच नसांवर काही होतं का? आणि जोर किती लावायचा?

फिजिओ_धुळे
मनाचे खेळ अजिबात नाहीत ताई. पाठ, हात, जिथे बारीक लव असते तिथल्या कातडीत सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात, त्यांना हळू स्पर्शच आवडतो, म्हणजे सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर आणि हात कोमट. भराभर घासलं की त्यांचा प्रतिसाद कमी होतो. त्यांचा निरोप मेंदूत इन्सुला भागात जातो, तो भावनांशी जोडलेला. पोटातली गुडगुड तर चांगली खूण आहे, शरीर निवांत झालं की मज्जासंस्थेची पॅरासिम्पथेटिक, म्हणजे आराम देणारी बाजू पचन चालू करते, ठोके मंदावतात.

कापूसवाला, अमळनेर
आमची आजी बाळंतिणीचं अंग चोळायची, सुनांना सांगायची "हयुहयु चोय". मला मात्र कापूस वेचून आल्यावर रगडूनच बरं वाटतं. मग अगदी हलका हात बरा का?

फिजिओ_धुळे
नाही भाऊ, पिसासारखा हात गुदगुल्या करतो. मायामी विद्यापीठात टिफनी फील्ड यांच्या गटाने मोजलं तेव्हा मध्यम दाबाने ठोके कमी झाले, व्हेगस नर्व्हचं, म्हणजे मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणाऱ्या, ठोके मंदावणाऱ्या नसेचं काम वाढलं, हलक्या दाबाने उलटं झालं. कातडी थोडी सरकेल इतपत दाब द्या, पण वेग हळूच ठेवा. रगडणं थकलेल्या स्नायूंना बरं वाटतं, पण झोप न येणाऱ्या माणसाला दुखेपर्यंत रगडू नका, दुखलं की अंग पुन्हा ताठ होतं.

नर्सताई, नंदुरबार
एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर चोळूच नका, आत रक्ताची गाठ असू शकते, आधी डॉक्टर. मानेच्या पुढच्या बाजूला दाब नको. शुगरवाल्यांच्या पायाला गरम तेल तर नकोच, चटका बसला तरी कळत नाही.

तापीकाठ, भुसावळ
आईला दहा वर्षांपासून शुगर आहे आणि मी तळपायाला गरम तेल लावलं. आत्ताच टॉर्च घेऊन दोन्ही पाय बघितले, फोड नाही कुठे. आजपासून फक्त पाठ आणि हात, तेही आधी माझ्या मनगटावर तेल लावून बघून.