मदत हवी आहे: लंडनच्या विधवा पुस्तकविक्रेत्या

नमस्कार मंडळी. सोळाव्या-सतराव्या शतकात लंडनमध्ये नवऱ्यामागे पुस्तकांचा धंदा चालवणाऱ्या बायकांवर लेख लिहितेय. १५९१ साली छापलेल्या जॉन लिलीच्या एका नाटकाच्या मुखपृष्ठावर, छापलं जॉन चार्लवूडने, पण ‘विधवा ब्रूम’साठी, असं आहे. म्हणजे पैसा आणि जोखीम बाईची! तरी तिचं स्वतःचं नाव, जोन, तिथे नाही. मला हे फार लागलं.

हॅना अ‍ॅलनचंही तसंच. १६४६ मध्ये नवरा बेंजामिन गेल्यावर तिने दुकान स्वतःच्या नावाने चालवलं, पुढे लाइव्हवेल चॅपमन या दुकानातल्याच उमेदवाराशी लग्न केलं. त्यानंतर पुस्तकांवर नाव येतं ते चॅपमनचं.

मला नेमकं हे हवंय: विधवेने पुन्हा लग्न केलं की पुस्तकांवरचे तिचे हक्क कोणाकडे जात? नवरा स्टेशनर्स कंपनीबाहेरचा, म्हणजे लंडनच्या छापणाऱ्या-विकणाऱ्यांच्या व्यावसायिक संघाबाहेरचा असला तर? शिवाय त्या काळची बरीच मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये (सरकारी अभिलेखागारात) आहेत. लंडनकरांपैकी कोणी तिथे काम केलंय का? ते जुनं हस्ताक्षर वाचायला कुठे शिकता येईल? जाणकारांनी कृपया सांगा.