हलका विंडो मॅनेजर: रॅम वाचते, काम वाढतं

"जुन्या मशीनवर ग्नोम काढून आय-थ्री टाकलं की मशीन पळायला लागतं" असं लिनक्सबद्दल म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. (ग्नोम हा पूर्ण डेस्कटॉप, आय-थ्री हा नुसता विंडो मॅनेजर.) लॉगिन झाल्या झाल्या रॅम वाचलेली दिसते, पण ब्राउझरचे पाच-सात जड टॅब उघडले की ती बचत कुठल्या कुठे जाते. 2 जीबी रॅमवर फरक जाणवेल, 8 जीबीवर फारसा नाही.

विंडो मॅनेजर खिडक्या मांडतो, बस्स. नोटिफिकेशन, पेनड्राइव्ह आपोआप माउंट होणं, वायफायचं चिन्ह, स्क्रीन लॉक, हे सगळं ग्नोमसारखा पूर्ण डेस्कटॉप गुपचूप सांभाळत असतो. तो काढला की मग नोटिफिकेशनसाठी डन्स्ट, पेनड्राइव्हसाठी उडिस्की, वायफायसाठी एनएम-अ‍ॅपलेट असं एकेक जोडत बसायचं. (अ‍ॅडमिनचा पासवर्ड विचारणारा पोलकिट एजंट जोडायचा राहिला तर जीपार्टेड, म्हणजे डिस्कचे भाग पाडायचा प्रोग्रॅम, मेनूतून उघडतच नाही, आणि का ते कळतही नाही!)

मला आय-थ्रीचं टायलिंग (खिडक्या एकमेकींवर न येता शेजारी-शेजारी आपोआप बसणं) आवडतं ते सगळं कीबोर्डवरून करता येतं म्हणून. तेवढंच हवं असेल तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप ठेवा आणि त्यातल्या एक्सएफडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरच्या जागी आय-थ्री बसवा. पॅनेल, सेटिंग्ज तशाच राहतात. मात्र ही अदलाबदल एक्स 11 वरची, म्हणजे लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवरची. वेलँड या नव्या व्यवस्थेत कंपोझिटरच (पडद्यावरचं अंतिम चित्र जुळवणारा प्रोग्रॅम) विंडो मॅनेजर असतो, तिथे आय-थ्रीऐवजी स्वे घ्यावा लागेल. आय-थ्रीची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल स्वेला बरीचशी जशीच्या तशी चालते.