यवतेश्वर घाटात पुढून 'कट-कट'

नमस्कार मंडळी. गाडी ११ वर्षांची, पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक. साताऱ्यातून यवतेश्वर घाट चढताना वळणावर डावीकडून 'कट-कट' येतं. सरळ रस्त्याला गप्प. गॅरेजवाला म्हणतो, अख्खा रॅक (स्टिअरिंगनं चाकं वळवणारा दांडा) बदला. आकडा ऐकून हातातला चहा गार झाला. बायको म्हणते, गाणी मोठ्यानं लावा. काय करू?

— पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बघा.

— अहो, इलेक्ट्रिकला ऑइल कुठलं? आणि ऑइल कमी झालं की घूंऽ करतं, कटकट नाही. दादा, मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. वेगाबरोबर कटकट वाढली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, गेला समजा. चाकामागचा रबरी बूटही बघा, फाटून ग्रीस उडालंय का.

मैदानात शांत, बूट धड. पण उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं तरी 'कट'!

— मग स्ट्रट माउंटचं, म्हणजे पुढच्या शॉकअबसॉर्बरच्या वरच्या टोकाचं, बेअरिंग बघा. कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला बसवा, स्प्रिंगला बाहेरून तळवा टेकवा. झटका कळेल. वेटोळ्यात बोटं घालू नका, लागतील कामाला पुढं.

झटका बसला बरोबर! बेअरिंग बदललं, चाकांची अलाइनमेंट केली. काल कासला जाऊन आलो. आता फक्त मागच्या सीटवरचा कंदी पेढ्यांचा डबा वाजतो.