मदत हवी आहे: धरणाकाठच्या कॅम्पवर पाण्याची हद्द कशी आखायची? (आणि पावसाळ्यात बंद ठेवायचा का?)

नमस्कार मंडळी,

आम्ही मुलुंडची काही कुटुंबं, बरीचशी एकाच सोसायटीतली. पवना धरणाच्या काठी एका शेतकऱ्याची जागा भाड्याने घेऊन स्वतःपुरता छोटा कॅम्प चालवतो. धंदा नाही. वर्गणी काढायची, आळीपाळीने जायचं, पाहुणे आणले तर त्यांच्या जेवणाचे पैसे आणणाऱ्याने द्यायचे. तंबू, स्लॅबचं एक स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि देखरेखीला गावातलंच एक जोडपं. त्यांना आम्ही काका-मावशी म्हणतो आणि खरं तर कॅम्प तेच चालवतात. समोर तुंग, बाजूला तिकोना. देखाव्याचं एवढंच, कारण अडचण दुसरीच आहे.

धरणाचा काठ एका जागी राहत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरलं की पाणी आमच्या कुंपणापाशी येतं. दिवाळीनंतर ते मागे सरकायला लागतं. पिंपरी-चिंचवडचं पिण्याचं पाणी आणि खालची शेती यावरच आहे. मेअखेर ते इतकं लांब जातं की उघड्या पडलेल्या जमिनीवर पोरं क्रिकेट मांडतात. म्हणजे पाटी लावा, दोरी बांधा, दिवा टांगा, काहीही लावलं तरी थोडे दिवस ते बरोबर जागी असतं आणि बाकी वर्षभर भलतीकडेच.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. 'यापुढे पाण्यात जाऊ नये' ही आमची पाटी हिवाळ्यात पाण्याच्या कडेला रोवलेली होती. मेमध्ये ती कोरड्या रानात उभी. एक पाहुणे तिच्यापुढे चालत गेले, कारण पुढे पाणी दिसतच नव्हतं, नुसती भेगाळलेली माती. वरून टणक दिसणारा तो गाळ पाण्याजवळ पोहोचेपर्यंत आतून लगदा झालेला असतो. दोन्ही पाय मांडीपर्यंत आत गेले. ते जितकी धडपड करत होते तितके रुतत होते. काकांनी लांबूनच ओरडून त्यांना मागे रेलून बसायला लावलं, शेडमधली जुनी फळी आडवी सरकवली आणि एकेक पाय हलवत हलवत बाहेर काढला. चपला अजून तिथेच आहेत. पाहुणे नंतर हसत होते, मावशी मात्र दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत.

तर पहिला प्रश्न: पाण्याबरोबर मागेपुढे नेता येईल अशी हद्द कोणी आखली आहे का? कुंपणापुढचा पट्टा पाटबंधारे खात्याने संपादित केलेला आहे, तिथे खांब-काँक्रीट काही चालणार नाही आणि आम्हाला ते करायचंही नाही. पाण्यात तरंगती दोरी टाकायचा विचार आहे, पण वाऱ्याने ती गोळा होऊन किनाऱ्याला लागते असं ऐकलंय.

दुसरा प्रश्न माणसांचा, आणि तो जास्त अवघड. लाइफ जॅकेटशिवाय गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही असा नियम करू म्हटलं, तर आमच्यातली ज्येष्ठ मंडळी दुखावली. पाठीला भोपळा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्यांना फोमचं केशरी जॅकेट घाला म्हणणं म्हणजे अपमानच की. 'आम्ही काय पिकनिकवाले आहोत का?' असं एका काकांनी मीटिंगमध्ये विचारलं. पण विहिरीचा काठ सरळ असतो आणि तळ ठाऊक असतो. इथे पाण्याखाली जुने बांध आहेत, झाडांची खोडं आहेत, आणि चार पावलं घोट्याएवढं पाणी असून पाचवं पाऊल खड्ड्यात जातं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा आमच्या ग्रुपवर आठवडाभर हळहळ चालली होती. नियमाचा विषय निघाला की तेच लोक म्हणतात, 'आपण तसे नाही.'

तिसरा: जून ते सप्टेंबर कॅम्प पूर्ण बंद ठेवावा असं माझं मत आहे. मावळातला पाऊस मुलुंडच्या पावसासारखा नाही. शिवाय भातलावणीच्या दिवसांत गावच्या अरुंद रस्त्यावर आपल्या गाड्या उभ्या राहिल्या की ट्रॅक्टर अडतो आणि बोलणी काका-मावशींना खावी लागतात. विरोधी गट म्हणतो, पावसाळ्यातच तर मजा. तुमच्याकडे कसं करता?

तंबूंबद्दलही कोणी सांगा. मागच्या वर्षी घाईत ओलसर घडी घातलेले दोन तंबू ऑक्टोबरात उघडले तेव्हा आतलं कोटिंग गुळासारखं चिकट झालं होतं. ते दुरुस्त होतं की टाकूनच द्यायचं?

प्रतिसाद १

कोटिंग चिकट झालं म्हणजे ते गेलं, त्यावर खर्च करू नका. ते तंबू सावलीसाठी वापरा. बाकीचे आता, पाऊस लागायच्या आत, दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवा, पण दिवसभर कडक उन्हात पसरून ठेवू नका, उन्हानेही कापड कुजतं. घट्ट गुंडाळी नको, सैल घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा. सोसायटीच्या पंपरूममध्ये ठेवणार असाल तर घुशी आधी बघा. मेखा आणि तणावे वेगळ्या पिशवीत. सांडलेल्या खाऊचा वास राहिला की उंदीर कापड कुरतडतो, म्हणून तंबू आतून पुसून घ्या.

प्रतिसाद २

हद्दीचं सोपं आहे, महाग काही लागत नाही. पाण्यात दोरी टाकूच नका. सुक्या जमिनीवर, पाण्यापासून वीस पावलं मागे, मेखांना लाल-पांढरी पट्टी बांधा आणि ती सरकवण्याचा वार ठरवून टाका. दर शनिवारी सकाळी जो पहिला पोहोचेल त्याचं काम. हद्द पाण्याची नाही, गाळाची आखायची, एवढं डोक्यात ठेवा.

आणि फेकायची दोरी ठेवा. इथे लोक हमखास चुकतात: नायलॉनची दोरी पाण्यात बुडते, पॉलिप्रॉपिलीनची तरंगते. विचारूनच घ्या, मच्छीमार वापरतात ती. टोकाला पाच लिटरचा कॅन, त्यात थोडंसं पाणी ठेवून झाकण घट्ट लावायचं, म्हणजे लांब फेकता येतो आणि धरून तरंगताही येतं. बुडणाऱ्यामागे उडी टाकणारा बऱ्याचदा स्वतःच जातो, पोहता येत असलं तरी. आधी काठी, मग दोरी, पाण्यात शेवटी. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबत बसू नका, उलटं तर अजिबात धरू नका. आधी तोंडाने श्वास, मग छाती दाबणं, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा. चार जणांनी तरी हे कुठे तरी रीतसर शिकून घ्या.

प्रतिसाद ३

मी मूळचा त्याच भागातला, आता कांजूरला राहतो, म्हणून गावाकडून बोलतो. राग येऊ नये. पावसाळ्यात बंद ठेवा, हे तुमचं बरोबर आहे. पण आम्हाला जास्त त्रास कशाचा होतो सांगू? फुटलेल्या बाटल्यांचा. पाणी चढलं की काचा गाळात जातात, पाणी उतरलं की म्हशी त्यावरून चालतात. खुराला काच लागली की म्हैस आठवडाभर बसून. तुम्ही पीत नसाल, पण शेजारच्या कॅम्पवरची काच तुमच्यासमोर आली तर ती उचला. मेमध्ये पाणी खाली गेलं की सगळ्यांनी मिळून एक दिवस काठ साफ करा, गावातली पोरंही येतील. आणि स्पीकर रात्री दहाला बंद म्हणजे बंद, तो कायदाच आहे.

वळवाचं कोणी लिहिलं नाही. मे आणि ऑक्टोबरात तिथे विजा फार. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून, तंबूतून आणि झाडाखालून उठायचं आणि स्लॅबच्या खोलीत किंवा काचा लावून गाडीत बसायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप मोबाइलवर घ्या. जमिनीवर झोपत असाल तर तंबूची चेन पूर्ण लावा. मण्यार रात्री अंथरुणात येते, तिचा दंश कित्येकदा जाणवतसुद्धा नाही. पहाटे कोणाच्या पापण्या जड झाल्या किंवा पोटात दुखायला लागलं तर अ‍ॅसिडिटी समजून झोपवू नका, सरळ दवाखाना. कुठल्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आहे ते मोसम सुरू होतानाच फोन करून विचारून ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. गाळाची हद्द आखायची, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. ग्रुपवर टाकली तर विरोधी गटही गप्प झाला. पट्टी सरकवण्याचं काम विहिरीत शिकलेल्या त्या काकांनीच मागून घेतलं. जॅकेट ते अजून घालणार नाहीत, पण नातवंडांनी घातलेलं नसेल तर पट्टीच्या पुढे सोडणार नाही म्हणालेत. सध्या एवढ्यावर समाधान.

प्रतिसाद ३, राग कसला? काठ साफ करायचा दिवस मेच्या शेवटच्या रविवारी ठरवतोय, कॅम्पवरच्या काकांना गावात विचारायला सांगितलंय. काचा गोळा करून पुढे कुठे द्यायच्या, ते मात्र सांगा. गावात भंगारवाला फुटकी काच घेत नाही म्हणे. थंडीत शेगडी तंबूत नेण्याची सवयही बंद करतोय, बंद तंबूत निखाऱ्यांतून निघणारा, न दिसणारा वायू जीवघेणा असतो हे एकीच्या सासूबाईंना पटवायला वेळ लागला.

पावसाळ्याचं मतदान झालं. जूनच्या पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत मुक्काम बंद, मात्र काका-मावशींचा पगार चालू. तेवढ्यात शोषखड्डा उपसणं आणि वायरिंग तपासणं उरकून घेऊ. उघड्यावरच्या सगळ्या जोडण्यांना ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) बसवायला इलेक्ट्रिशियनने सांगितलंय.

आता उरली खरेदी. दोरी आणि लहान मुलांची जॅकेटं (पायांमधून पट्टा असलेली, नाहीतर पाण्यात वर सरकतात) मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतील असं वाटतंय. शनिवारी दुपारी तिथली दुकानं उघडी असतात का? आणि दोरी मीटरवर मिळते की अख्खं बंडल घ्यावं लागतं?