मदत हवी आहे: सँटोरिनी आणि क्रीट, दिवाळीच्या सुट्टीत हवा कशी असते?

पुणेरी_भटकी
ग्रीसची तिकिटं काढून झाली आहेत, दिवाळीच्या सुट्टीत जातोय. सँटोरिनीला ४ रात्री, क्रीटला ४ रात्री असा बेत आहे. एक साइट म्हणते सुंदर ऊन असतं, दुसरी म्हणते पाऊस असतो, डोकं फिरायची वेळ आली आहे. समुद्रात पोहता येईल का? सँटोरिनीहून क्रीटला दोन तासांत नेणारी बोट आहे असं वाचलं, ती कुठून बुक करायची? सोमवारी व्हिसाची अपॉइंटमेंट आहे आणि हॉटेलची बुकिंग जोडायची आहेत. जे जाऊन आलेत त्यांनीच सांगा, आणि प्लीज लवकर सांगा.

वाटसरू_७२
तारखा काय? किती जण? लहान मुलं, म्हातारी माणसं? दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. त्या बेटांवर या दोन महिन्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मीठभाकर
फॉरेक्स कार्ड घ्या, युरोत लोड करा. तिकडे मशीन विचारतं की रुपयांत पैसे कापू का. नाही म्हणायचं, युरोच निवडायचं. रुपये निवडले की दर वाईट लागतो.

घाटवाट
बेटच हवं असेल तर माल्टाला जा. वर्षभर सगळं चालू असतं, इंग्रजी सगळीकडे चालतं, गाड्या आपल्यासारख्या डावीकडून. चिर्केव्वाहून गोझोची फेरी अर्ध्या तासाच्या आत पोचवते. हाल साफ्लिएनीचं भूमिगत मंदिर एकदा तरी पाहावंच, फक्त तिकीट आठवडेच्या आठवडे आधी काढावं लागतं. सँटोरिनी म्हणजे फोटोसाठी रांग, बाकी काही नाही.

पुणेरी_भटकी
माल्टाचं विचारलेलंच नाही. दिवाळी म्हणजे यंदाचीच, २०२६ची. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. भाऊबीज झाली की ११च्या रात्री निघतो. १२ला अथेन्स, २१ला अथेन्सहूनच परत. आता कोणी हवामानाचं सांगेल का?

हिरवा_चाफा
मी नवऱ्याच्या नोकरीमुळे क्रीटमध्ये खानियाला राहते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या तारखांना सीझन संपलेला असतो. भूमध्य समुद्राचं गणित आपल्या उलट आहे: उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात दुपारी १९-२० अंश, रात्री १३च्या आसपास. पाणी साधारण २० अंश. इथली माणसं पोहतात, पण पुण्याची मुलं दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतील. स्विमसूट टाका बॅगेत, त्याच्या भरवशावर बेत आखू नका. जॅकेट वाऱ्याला दाद न देणारं हवं. छत्री नको, पहिल्याच झोतात उलटी होते.

पाऊस आपल्यासारखा लागून राहत नाही. सकाळी दोन तास झोडपतो आणि दुपारी लख्ख ऊन. बंदरावर लाटा धक्क्यावरून थेट हॉटेलांच्या दारापर्यंत येतात, वेटर टेबलं आत ओढतात. तासाभराने तीच टेबलं पुसून पुन्हा बाहेर मांडलेली असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्यामुळे सव्वापाचला सूर्य मावळतो. दिवस लहान आहे हे धरूनच ठरवा. हिवाळ्यात पुरातत्त्वाच्या जागाही लवकर बंद होतात.

क्रीटमधली समारिया घळ चालायची मनात असेल तर विसरा, ती ऑक्टोबरअखेर बंद होते.

सँटोरिनी तुमच्या तारखांना अर्ध्याहून जास्त मिटलेलं असतं. इया गावातली बरीच हॉटेलं, दुकानं बंद. फिरा या मुख्य गावात थोडं चालू असतं. आणि ती दोन तासांची बोट हंगामी आहे, नोव्हेंबरच्या मध्यात तिच्यावर विसंबू नका. मग पिरीअसला (अथेन्सचं बंदर) परत येऊन दुसरी बोट किंवा अथेन्समार्गे विमान. त्यात तुमचा अख्खा दिवस जातो.

घाटवाट
म्हणूनच माल्टा म्हणत होतो. आणि बोटीचा एवढा बाऊ कशाला? आम्ही मे महिन्यात गेलो होतो, पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही.

दर्यासारंग
मे आणि नोव्हेंबरची तुलना करू नका. मी मर्चंट नेव्हीत होतो, एजियन बऱ्यापैकी ओळखीचा आहे. उन्हाळ्यात तिथे उत्तरेचा मेल्तेमी वाहतो, तो जोरात असला तरी आभाळ स्वच्छ असतं. नोव्हेंबरात कमी दाबाचे पट्टे एकामागोमाग येतात आणि वारा दिवसात दिशा बदलतो. बंदर अधिकारी ब्यूफोर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) बघून बोटी थांबवतात. साधारण ८च्या पुढे मोठ्या बोटींनाही बंदी येते, हायस्पीड त्याआधीच बांधल्या जातात. बंदी उठली की सगळे एकदम धक्क्यावर.

म्हणून एकच गोष्ट कळकळीने सांगतो: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री अथेन्समध्येच मुक्काम हवा. बेटावरून सकाळी निघून त्याच दिवशी मुंबईचं विमान धरायचं, हे या ऋतूत करू नये. आणि १५ दिवसांच्या अंदाजावर विश्वास ठेवू नका. चार-पाच दिवस आधीचा अंदाज खरा, त्यातही पावसापेक्षा वारा बघा.

माल्टाबद्दल: त्यांची तिकिटं अथेन्सची आहेत. शिवाय ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज करावा लागतो. सोमवारच्या अपॉइंटमेंटचं काय करायचं मग?

वाटसरू_७२
तिकडे चक्रीवादळंही येतात ना? आणि सँटोरिनीला भूकंपाचं काय?

दर्यासारंग
क्वचित येतात. सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस नावाचं वादळ केफालोनिया, झाकिंथोसवर आदळलं होतं, पण ती बेटं पश्चिमेला आहेत. समुद्र उन्हाळाभर तापलेला आणि वरून थंड हवा आली की असं होतं. एवढ्यासाठी सहल रद्द करायचं कारण नाही. भूकंपांची मालिका २०२५च्या सुरुवातीची, हजारो लोक बेट सोडून गेले होते, नंतर ती शमली.

पुणेरी_भटकी
सोबत आई आहे, ६८ वर्षांची, गुडघे दुखतात. मुलं ७ आणि ११. आईला सँटोरिनीचे निळे घुमट बघायचे आहेत म्हणून हट्ट होता. गाडी भाड्याने घेऊन क्रीट फिरावं म्हणते, आपलं लायसन्स चालतं ना?

मीठभाकर
हे आधी सांगायचं हो! गुडघे दुखत असतील तर सँटोरिनी पायऱ्यांचंच बेट आहे. लायसन्स चालतं, इंग्रजीत असतं आपलं.

हिरवा_चाफा
नाही चालत. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आरटीओतून निघतो, निघण्याआधी काढा. एखादी एजन्सी न विचारता गाडी देईलही, पण अपघात झाला तर विमा हात वर करेल. आई आणि मुलं सोबत असताना हा धोका कशाला? शिवाय उजवीकडून चालवायचं आणि डोंगरात दरडी. त्यापेक्षा खानिया, रेथिम्नो, हेराक्लिओन ही तिन्ही गावं उत्तर किनाऱ्याच्या रस्त्यावर आहेत आणि केटीईएलच्या (आपल्या एसटीसारख्या) बस वर्षभर धावतात.

हवेचं आणखी एक. लेफ्का ओरी डोंगर ढग अडवतो. आपल्या घाटमाथ्यावर पाऊस आणि पलीकडे देश कोरडा, तसंच. खानियाला पाऊस लागला तरी दक्षिण किनाऱ्यावरच्या पालेओखोरात ऊन असू शकतं. दक्षिणेकडून वारा सुटला तर उलट होतं: आफ्रिकेची धूळ येते, आभाळ पिवळं होतं आणि नोव्हेंबरातही स्वेटर काढावासा वाटतो.

आणि एक, नोव्हेंबरात क्रीट ओस नसतं. जैतुनाची तोडणी सुरू असते, झाडांखाली जाळी पसरलेली, काठ्यांचा खडखड आवाज, रस्त्यावर पोत्यांनी भरलेले पिकअप. सँटोरिनी पर्यटकांवर जगतं, क्रीट शेतीवरही जगतं. माझ्या मते तुमच्या तारखांना क्रीटच खरं.

मीठभाकर
शाकाहारी आहात का? आम्ही थेपले आणि मेतकूट नेलं होतं. इंडक्शन न्यावा का, असा वेगळा धागा काढणार होतो.

हिरवा_चाफा
इथे शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही. दाकोस (जवाच्या कडक ब्रेडवर टोमॅटो आणि चीज), जिगांतेस म्हणजे मोठ्या पावट्यासारखी उसळ, भात भरलेले टोमॅटो, पालकाचं सारण भरलेला 'पाय' (pie). १५ नोव्हेंबरपासून त्यांचा नाताळापूर्वीचा उपास सुरू होतो, 'नीस्तिसिमो' म्हटलं की दूध-मांसाशिवायचं काय आहे ते सांगतात. फक्त भाजीत मटणाचा रस्सा नाही ना, हे विचारा.

पुणेरी_भटकी
आईशी बोलले. सँटोरिनी सोडलं, मे महिन्यात कधीतरी. असं धरते: १२, १३ अथेन्स. १४ला रात्रीच्या बोटीने पिरीअसहून खानिया, १५ ते १७ तिथे. १८ला बसने हेराक्लिओन, १८-१९ तिथे, क्नोसोसचा प्राचीन राजवाडा आणि म्युझियम. २०ला विमानाने अथेन्स. चालेल का?

दर्यासारंग
चालेल. सगळं रद्द करता येईल असं बुक करा आणि बोटीचं तिकीट वाऱ्याचा अंदाज बघून १२ला काढा. वारा वाईट दिसला तर १५ला सकाळी विमान. केबिन घ्या, आईंना रात्रभर खुर्चीत बसवू नका. मधली केबिन मिळाली तर कमी हलते.

हिरवा_चाफा
१७ला तुम्ही खानियात आहात हे बरं झालं. त्या दिवशी अथेन्समध्ये १९७३च्या पॉलिटेक्निक उठावाचा मोर्चा असतो, काही मेट्रो स्थानकं बंद ठेवतात. बोट खानियाजवळच्या सूडा बंदरात पहाटे लागते, तिथून गावात जायला बस आणि टॅक्सी मिळते. हॉटेलला आधीच कळवा की सहाला येतोय, सामान तरी ठेवून घेतील. जुन्या बंदराचा परिसर सपाट आहे, पण फरसबंदी पावसात निसरडी होते, आईंना चांगल्या तळव्याचे बूट घ्या. अॅक्रोपोलिसवर चढता न येणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, वारा जोरात असेल तर ती बंद ठेवतात. म्हणून १२ आणि १३ पैकी ज्या दिवशी वारा कमी असेल तो दिवस वर जाण्यासाठी ठेवा.

घाटवाट
क्नोसोसला सकाळी उघडतानाच जा. आणि आधी म्युझियम की आधी क्नोसोस? मी म्हणतो आधी म्युझियम, मग क्नोसोसचे रंगवलेले खांब तिथे उत्खनन करणाऱ्या एव्हान्सने बांधून घेतले आहेत हे कळतं.

पुणेरी_भटकी
हे लिहून घेतलं. सोमवारी अर्ज दिला की कळवते.